पंगत उठेपर्यंत

तात्या गर्गे मूळचे धारचे. नोकरीत कुक्षी, कन्नौद असं फिरत ते देवासला आले आणि पुढची चाळीसेक वर्षं इथेच राहिले, पण शेवटपर्यंत 'तुमचं देवास' असंच म्हणत. तुमच्या देवासला पाणी नाही. तुमच्या देवासला आमटीत गूळ किती घालायचा ते कळत नाही. धारेला असं नव्हतं. मी एकदा न राहवून विचारलं, "मग तात्या, परत धारला का नाही जात?"

"तिथे आता सगळं देवाससारखं झालंय," ते म्हणाले.

ते आमच्या शेजारी राहायचे. नाप-तौल खात्यात निरीक्षक होते. दुकानदारांचे काटे आणि वजनं तपासायची, खरी निघाली तर शिक्का मारायचा, खोटी निघाली तर उचलून न्यायची, हे त्यांचं काम. त्यामुळे जगातल्या यच्चयावत गोष्टींसाठी त्यांच्याकडे दोनच शब्द होते, 'पास' आणि 'जप्त'. नवा जावई पास. नव्या सुनेचा चहा पास. गणपतीत बोलावलेला इंदूरचा गवई जप्त. कुडत्याच्या खिशात पन्नास ग्रॅमचं पितळी वजन असायचं आणि निवृत्तीनंतरही ते खिशातून निघालं नाही. मंडईत ते दिसले की भाजीवाल्या एकमेकींना सांगत, "नाप-तौल साब आई रिया हे," आणि तेवढ्या वेळापुरती अख्ख्या मंडईत मेथी पुरेपूर मिळे. आम्ही शेजारणी त्यांच्या मागोमाग भाजीला जायचो.

त्यांच्या धाकट्या मुलीच्या लग्नाची गोष्ट माई, म्हणजे त्यांच्या पत्नी, पुन्हा पुन्हा सांगायच्या. सकाळी हलवाई मांडवात पेढे तोलून देत होता. तात्या मुंडावळ्या बांधलेल्या मुलीजवळून उठले, खिशातलं वजन त्याच्या काट्यावर ठेवलं, आणि काटा जप्त केला. काट्याबरोबर, न तोललेले म्हणून, पेढेही परत गेले. दुपारी वरपक्षाने पेढ्यांची चौकशी केली तेव्हा तात्या हात जोडून म्हणाले, "पेढे नाहीत. काटा खोटा होता." व्याही पुढे वर्षभर हेच वाक्य लोकांना ऐकवत होते. माई मात्र ही गोष्ट सांगताना पदर नीट करून बसायच्या, इतका त्यांना तिचा अभिमान.

हे सगळं ते ज्या चेहऱ्याने करायचे त्या चेहऱ्यावर काहीही नसे. राग नाही, हसू नाही. मुलीच्या पाठवणीच्या वेळीही तोच चेहरा. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे त्याचा घोटाळा झाला.

आमच्या मंडळाची वर्षातून एकदा, दत्तजयंतीला, देवळामागच्या सभागृहात पंगत बसते. देवासमधली जुनी मराठी घरं तेवढ्यापुरती एकत्र येतात. मुलं आपसात हिंदीत बोलतात, आया त्यांना ओरडतात तेही हिंदीतच, पण पंगतीचे नियम मात्र मराठीत चालतात. ते नियम तात्यांनी धारेहून आणले, असं त्यांचं म्हणणं. पहिला नियम, पंगतीतल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाने आपोशन घेतल्याशिवाय कोणी घास घ्यायचा नाही. आपोशन म्हणजे जेवणाआधी तळहातावर पळीभर पाणी घेऊन प्यायचं ते. दुसरा, त्याच माणसाने शेवटी तसंच उत्तरापोशन घेतल्याशिवाय कोणी उठायचं नाही. तिसरा, पानात काही टाकायचं नाही. आणि चौथा सर्वांत कडक, पंक्तिप्रपंच करायचा नाही. एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं, असं वाढणं म्हणजे पंक्तिप्रपंच. कलेक्टर आला तरी त्याला तेच आणि तेवढंच.

वाढणाऱ्यांतही पायऱ्या होत्या. सर्वांत खाली मीठ. मग लिंबू-चटणी, मग कोशिंबीर, भाजी, वरण, आणि सर्वांत वर तूप. कोणी कुठल्या पायरीवर जायचं ते तात्या ठरवत. मी नऊ वर्षांची असताना मला मीठ मिळालं. मी मोठ्या उत्साहाने प्रत्येक पानावर एकेक ढीग ठेवत निघाले. तात्यांच्या पानापाशी आले तेव्हा त्यांनी विचारलं, "मीठ किती वाढायचं?"

"चिमूटभर."

"कोणाची चिमूट?"

याचं उत्तर मला आजही येत नाही. जेवण झाल्यावर त्यांनी मला परत बोलावलं. त्यांचं पान लख्ख होतं, फक्त वरच्या बाजूला उरलेल्या मिठाची एक नीट ढिगुली केलेली होती. त्यांनी बोटाने ती दाखवली. "हे जास्तीचं." पुढच्या वर्षीही ढिगुली होती, जरा लहान. त्याच्या पुढच्या वर्षीही होती. बारा वर्षं मी मीठ वाढलं आणि बारा वर्षं ढिगुली निघाली. मग मला कोशिंबिरीवर चढवलं ते कर्तबगारीसाठी नव्हे, माझं लग्न ठरलं म्हणून. लग्नानंतरही मी देवासातच राहिले, एका हिंदी शाळेत गणित शिकवायला लागले, माहेरच्याच गल्लीत घर घेतलं, आणि कोशिंबिरीवरून पुढे कधी सरकले नाही.

वडीलधारे एकेक करून गेले आणि आपोशनाचा मान तात्यांकडे आला. तेव्हा ते बहात्तरचे होते. त्याच सुमाराला त्यांचं काहीतरी बिनसायला लागलं होतं, पण कोणाच्या लक्षात आलं नाही. ते हळू चालायला लागले, आम्हाला वाटलं वय झालं. आवाज बारीक झाला, वाटलं, आता ओरडायला कोणी उरलं नाही. फुलांचा, फोडणीचा वास येत नाही म्हणाले, त्यावर माई म्हणाल्या, "तुम्हाला आमच्या देवासच्या फोडणीचा वास कधी आला होता?" शेवटी मुलाने इंदूरला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात आहे, निदान दोन वर्षं तरी असावा. चेहऱ्यावरचे भाव गेलेत, ते घरात कोणाला दिसलं नाही का? मुलगा आणि माई एकमेकांकडे बघत राहिले. तो चेहरा त्यांनी चाळीस वर्षं तसाच पाहिला होता.

तात्यांनी निदान सहजासहजी मान्य केलं नाही. "कंपवातात हात हलतो. माझा हात हलत नाही. मग कंपवात कसला?" डॉक्टरांनी सांगितलं की सगळ्यांचाच हात हलतो असं नाही, काहींचं नुसतंच सगळं मंद आणि ताठर होत जातं. जीभसुद्धा. तात्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे काटा अडकलाय."

जीभ फक्त चवीसाठी असते असा माझा समज होता. ती घास गोळा करते, मागे ढकलते, आणि मग गिळणं होतं, हे मला तात्यांमुळे कळलं. त्यांची जीभ घास मागे न्यायची आणि पुन्हा पुढे आणायची. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. असं पाच-सहा वेळा झाल्यावर एकदाचा तो घास खाली जायचा. एका घासाला मिनिट लागायचं. त्या वर्षीच्या पंगतीत आमची सगळ्यांची जेवणं पंचवीस मिनिटांत आटोपली. तात्यांचा अजून पहिला भात चालला होता. नियम सगळ्यांना पाठ होता. पन्नासेक माणसं वाळलेले हात मांडीवर ठेवून बसली. मुलांनी पत्रावळीच्या काड्या काढून त्यांची घरं बांधली. कोणीतरी गुपचूप मोबाइल काढला. पुढची पंगत दाराबाहेर उभी होती आणि तीही काही बोलली नाही. तात्या बरोबर सव्वा तासाने उठले. मला नक्की माहीत आहे, कारण ते जेवताना मनगटावरचं घड्याळ काढून पानाशेजारी ठेवत आणि आम्ही सगळे त्या घड्याळाकडेच पाहत होतो. ते स्वतःही पाहत होते.

लोक चांगले होते, तिथेच खरी पंचाईत झाली. गिळायला त्रास होतो म्हटल्यावर प्रत्येक घरातून त्यांना काहीतरी पातळ येऊ लागलं. पेज, ताक, सूप, वरणाचं पाणी. पातळ म्हणजे सोपं, असं आपल्याला वाटतं. मीही ताक दिलं. ते पिऊन तात्या इतके खोकले की डोळ्यांतून पाणी आलं, आणि खोकून झाल्यावर त्यांनी भांडं मला परत केलं. "जप्त," ते म्हणाले.

दुसऱ्या वर्षी आपोशनालाच ठसका लागला. पळीभर पाणी. आयुष्यभर घेत आले तसंच त्यांनी मान मागे टाकून ते घेतलं आणि चेहरा काळानिळा झाला. सभागृहात आवाज बंद झाले. खोकला थांबल्यावर ते चार घास जेवले, समोरच्या माणसांकडे एकदा पाहिलं, आणि अर्धं पान तसंच ठेवून उत्तरापोशन घेतलं. ज्या माणसाने माझ्या उरलेल्या मिठाची बारा वर्षं ढिगुली केली त्याने पानात निम्मा भात टाकला. सगळे उठले, कारण उठायची परवानगी होती. संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले तर ते स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून जेवत होते आणि माई दाराकडे पाठ करून उभ्या होत्या, कोणाला दिसू नये म्हणून. मला फार वाईट वाटलं. मी दारातूनच मागे फिरले.

महिन्याभरात त्यांना न्यूमोनिया झाला. पाणी श्वासनळीतून खाली उतरत होतं. इंदूरच्या दवाखान्यातून परत आले तेव्हा बरोबर एक कागद होता, आणि त्या कागदामागोमाग आठवड्यातून एकदा नेहा नावाची एक मुलगी यायला लागली. ती स्पीच थेरपिस्ट होती. मला वाटलं होतं या बोलायला शिकवतात. ही गिळायला शिकवत होती. तिने पहिल्याच दिवशी सगळी पेज आणि ताक बंद केलं. "अंकल, पानी भागता है," ती म्हणाली. "गला बंद होने से पहले पहुँच जाता है। गाढ़ा धीरे चलता है, आपकी जीभ के साथ।" तिने पाण्यात मिसळायच्या पावडरचा डबा दिला आणि सांगितलं, पाणी शहद जैसा गाढ़ा होना चाहिए.

"कौन-सा शहद?" तात्यांनी विचारलं. "जाड़े का, या गर्मी का?"

नेहाला अजून तात्या कळले नव्हते. ती हसली.

"एक गिलास में दो चम्मच," ती म्हणाली.

"कौन-सा चम्मच? कौन-सा गिलास?"

तात्यांनी माईंना घरातले सगळे चमचे आणायला लावले. एकोणीस निघाले. खात्यातून निवृत्त होताना विकत घेतलेली मापं ट्रंकेतून काढली आणि दोन दिवस बसून एकेक चमचा मापला. एकोणीस चमच्यांपैकी कुठलेही दोन सारखे नव्हते, आणि माईंच्या माहेरचा चमचा जवळजवळ दीडपट होता. पाणी कधी खळीसारखं तर कधी नुसतंच पाणी का होतं, याचा उलगडा झाला. अठरा चमचे जप्त झाले. एकावर त्यांनी लाल धागा बांधला, एका पेल्यावर खूण केली, आणि पुढच्या आठवड्यात नेहासमोर ते पाणी चमच्यातून ओतून घड्याळावर थेंब मोजून दाखवले. नेहाने वही काढून लिहून घेतलं. नंतर ती तिच्या सगळ्या पेशंटांकडे धागा बांधलेला चमचा ठेवायला लागली, असं तिनेच मला सांगितलं. त्या दिवसानंतर तात्यांना पाण्याचा ठसका क्वचितच लागला.

तिने जिभेचे व्यायामही दिले होते. जीभ पूर्ण बाहेर, उजवीकडे, डावीकडे, वर टाळूला, मग पाच वेळा जोरात 'ट', पाच वेळा 'क'. तात्या हे रोज सकाळी सात वाजता ओट्यावर खुर्ची टाकून करायचे, कारण तिथे उजेड चांगला. सातलाच रामचंदर दूधवाला यायचा. पूर्वी कधीतरी तात्यांनी त्याचं माप जप्त केलं होतं. चार दिवस त्याने सहन केलं. पाचव्या दिवशी तो माझ्या दारात आला. "बेनजी, म्हारो माप तो अब बराबर हे," तो म्हणाला, "फेर नाप-तौल साब म्हने रोज जीभ क्यों दिखावे?" मी समजावून सांगितलं. त्याचा विश्वास बसला असं वाटलं नाही, पण त्या महिन्यापासून आमच्या गल्लीत दूध घट्ट यायला लागलं. शाळेत जाणारी मुलं मात्र सरळ होती. ती थांबून तात्यांना जीभ दाखवायची आणि पुढे जायची.

नेहा प्रत्येक पेशंटला त्याचं उद्दिष्ट विचारते. कोणी म्हणतं, नातवाशी फोनवर बोलायचंय, कोणी म्हणतं, चहा प्यायचाय. तात्यांनाही विचारलं. त्या बारीक, सपाट आवाजात ते म्हणाले, "पंगत। पूरा पान। और सबके साथ उठना।" नेहाने ते लिहून घेतलं आणि बाहेर येऊन मला विचारलं, "दीदी, पंगत मतलब?"

पण दत्तजयंती जवळ आली तसं त्यांनी मंडळाला कळवलं की आपण येणार नाही, आपोशनाचा मान पुढच्या माणसाला द्यावा. कारण विचारायला मी गेले. "मला घट्ट पाणी लागतं, मऊ अन्न लागतं," तात्या म्हणाले. "एकट्याला वेगळं वाढलं तर पंक्तिप्रपंच. नाही वाढलं तर ठसका. आणि तासभर पन्नास माणसं माझ्या तोंडाकडे बघत बसणार. शोभे, मी हिशोब केलाय. जमत नाही." नियम त्यांचाच होता आणि त्यात फट नव्हती. मी उठून आले, पण मला त्यांचा रागही आला होता. माणसाने नियम करावेत, पण त्यात स्वतःला बसायला जागा ठेवावी.

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फट नव्हतीच, आणि फटीची गरजही नव्हती. एकाला वेगळं वाढणं हा पंक्तिप्रपंच. सगळ्यांनाच तेच वाढलं तर तो पंक्तिप्रपंच नाही.

मी आधी गुरुजींना गाठलं. घट्ट पाण्याचं आपोशन चालेल का, विचारलं. गुरुजी निम्मा दिवस बँकेत असतात, त्यांना उत्तर द्यायला घाई असते. ते म्हणाले, शास्त्रात पाणी म्हटलंय, किती घट्ट ते म्हटलेलं नाही. मग मी कैलास महाराजांकडे, म्हणजे आमच्या आचाऱ्याकडे गेले आणि यादी दिली. मऊ भात, घोटलेलं वरण, बटाट्याची मोडलेली भाजी, लाल भोपळ्याचं बारीक घोटलेलं भरीत, घट्ट कढी, श्रीखंड. पुरी नाही, मसालेभात नाही, भजी नाहीत, पापड नाही. महाराजांनी यादी दोनदा वाचली. "बेनजी, अबके कईं सगळा बिना दाँत का आई रिया हे?"

"तात्या येणार आहेत," मी म्हटलं.

महाराजांची वजनंही एके काळी तात्यांनी जप्त केली होती. त्यांनी यादी घडी करून खिशात ठेवली. "तो भरीत दो बार घोटूँगा," ते म्हणाले.

तात्यांना मी जाऊन सांगितलं, सगळ्या पंगतीला हेच आहे. त्यांनी यादी मागितली, वाचली, पापडाच्या जागी बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं. "पापड कुणालाच नाही?" "कुणालाच नाही." त्यांनी यादी परत दिली. मग म्हणाले, गोळी घेतल्यावर पाऊण तासाने जीभ बरी चालते, दीड तास टिकते. सव्वाअकराला गोळी घेतो. बाराची पंगत बाराला बसेल का? मी हो म्हटलं. मंडळाच्या इतिहासात बाराची पंगत कधी पावणेदोनच्या आत बसली नव्हती.

त्या दिवशी ती बाराला पाच कमी असताना बसली. बावन्न माणसं. तात्यांना भिंतीशी टेबल-खुर्ची दिली, पाठ ताठ राहील अशी, आणि ज्यांचे गुडघे गेलेत अशा निम्म्या मंडळाला त्यांच्या रांगेत बसवलं. तात्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून पानाशेजारी ठेवलं. मीठ वाढणारी मुलगी परीक्षेला गेली होती, म्हणून मीठ मीच घेतलं. सत्तावीस वर्षांनी. सवय गेली होती, तात्यांच्या पानावर बहुतेक जास्तच पडलं. मग लिंबू घेऊन परत आले. मग चटणी. मग भरीत. प्रत्येक वेळी एकच भांडं, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, पावलं मोजत.

आपोशनासाठी मोठ्या भांड्यात लाल धाग्याच्या चमच्याने घट्ट केलेलं पाणी होतं. सगळा डबा संपला होता. मी प्रत्येकाच्या तळहातावर पळीभर घातलं. ते पाणी सांडत नव्हतं, नुसतं बसून राहत होतं. कोपऱ्यातल्या एकाने विचारलं, "ये है क्या?" आणि त्याच्या बायकोने त्याला कोपराने ढोसलं. तात्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं. मग शेजाऱ्याच्या हाताकडे, मग समोरच्या रांगेतल्या हातांकडे. नेहाने शिकवल्याप्रमाणे त्यांनी हनुवटी छातीला लावली आणि आपोशन घेतलं. ठसका लागला नाही. एकावन्न माणसांनी मान खाली घालून तळहात चाटले. मला तेव्हा रडू येत होतं, पण दोन्ही हातांत भांडं होतं.

मग जेवण सुरू झालं. तात्या प्रत्येक घासाला मान खाली घालून थांबत होते, गिळत होते, पुन्हा एकदा नुसतंच गिळत होते, मग पुढचा घास. आम्ही वाढणारे स्वयंपाकघर आणि सभागृह यांच्यामध्ये जाऊन उभे राहायचो आणि महाराज हात वर करतील तेव्हाच पुढचं भांडं उचलायचो. वरण भातावर पडेपर्यंत सात मिनिटं गेली. भाजी त्यानंतर, तीही अर्धा डाव. दुसरा भात येईना. लोकांना सांगून ठेवलं होतं, पान रिकामं करायचं नाही. शाळेतले मास्तर एक बटाटा चार वेळा मोडून खात होते. थंडीत श्रीखंड का, यावर दोन बायका हळू आवाजात भरपूर बोलल्या.

पन्नासाव्या मिनिटाला तात्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मग रांगेकडे. श्रीखंड अजून कुणाच्याच पानात नव्हतं. त्यांनी बोटाने मला बोलावलं. आवाज इतका बारीक होता की मला वाकावं लागलं.

"शोभे."

"काय तात्या?"

"डांडी मारताय."

नोकरीच्या सगळ्या वर्षांत त्यांच्यासमोर डांडी मारून, म्हणजे काट्याची दांडी दाबून कमी तोलून, कोणी सुटलं नव्हतं. 

"कोण कोण आहे यात?"

"सगळे," मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा रांगेवरून नजर फिरवली. एकावन्न माणसं आपापल्या पानात पाहत होती, कोणी मान वर केली नाही. महाराज दारात डाव हातात घेऊन उभे होते. तात्यांच्या चेहऱ्यावर नेहमीप्रमाणे काही नव्हतं. मग त्यांचा हात हळूहळू घड्याळाकडे गेला. पट्टा बोटात सापडायला वेळ लागला. घड्याळ उचलून त्यांनी ते कुडत्याच्या खिशात टाकलं आणि आतल्या पितळी वजनावर ते वाजलेलं मला ऐकू आलं.

"भरीत वाढ," ते म्हणाले. "थोडं."

त्यानंतर ते सावकाश जेवले. श्रीखंड आलं, शेवटचा भात आला, कढी आली. पळीभर घट्ट पाणी पुन्हा तळहातावर घातलं, हनुवटी छातीला लागली, आणि उत्तरापोशन झालं. तात्या टेबलाला धरून उभे राहिले, आणि त्यांच्याबरोबर सगळी पंगत उठली. माई बायकांच्या रांगेत होत्या. त्या पदर नीट करत उठल्या.

पुढच्या दत्तजयंतीला तात्या नव्हते, म्हणून माझ्या लेखी ही त्यांची शेवटची भेट. हात धुवायला मुलगा त्यांना धरून घेऊन गेला आणि मी पानं उचलायला लागले. बाकीच्या पानांवर थोडंथोडं काहीतरी राहिलंच होतं. तात्यांचं पान मी शेवटी उचललं. त्यावर भाताचं शीत नव्हतं, भरीत नव्हतं, श्रीखंड नव्हतं. वरच्या बाजूला मीठ वाढलं होतं तिथे पाहिलं, तिथेही काही नव्हतं. डॉक्टर म्हणतील, वास-चव गेलेल्या माणसाला मीठ जास्तच लागतं. म्हणू देत.